लिथियम आणि उन्माद-अवसादाची चिकित्सा

ज्या विकारास आज वैद्यकात द्विध्रुवी विकार असे म्हणतात, त्याच्या चिकित्सेचा विचार करण्यापूर्वी त्याच्या नावाचा थोडा विचार करणे अप्रस्तुत ठरणार नाही. कारण ह्या विकाराचे नाव जेव्हा जेव्हा बदलले, तेव्हा तेव्हा चिकित्सेची दृष्टीही काही अंशी बदललेली आढळते. आपल्याकडील ‘उन्माद’ हा शब्द पुरातन आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत. परंतु तेथे त्याची व्याप्ती मोठी असून बुद्धी, स्मृती, आचरण इत्यादींच्या विभ्रमांना मिळून ते नाव आहे. चित्तवृत्ती उंचावणे, झोप न लागणे व तरीही शक्ती न सरणे, अशा एका विशिष्ट अवस्थेपुरता तो शब्द मर्यादित करणे ही अगदी अलीकडील परिभाषाकारांची करणी होय. जुना अर्थ मात्र लोकव्यवहारातून गेलेला नाही, आणि म्हणूनच ‘तुम्हांस उन्माद आहे’ असे म्हणताच रुग्णाच्या घरच्यांच्या मनात वैद्याने न योजलेला अर्थ उभा राहतो.

युरोपात १८५४ साली फाल्रे आणि बायार्जे ह्या दोघा फ्रेंच वैद्यांनी जवळजवळ एकाच वेळी असे प्रतिपादन केले की, उन्माद आणि विषाद हे दोन रोग नसून एकाच रोगाच्या दोन पाळ्या आहेत. १८९९ साली एमिल क्रेपेलिन ह्याने आपल्या पाठ्यग्रंथाच्या सहाव्या आवृत्तीत ‘उन्माद-अवसादात्मक वेड’ अशी एकच मोठी कोटी मांडली. पुढे १९५७ साली कार्ल लेओनहार्ड ह्याने ज्यांना केवळ अवसादाचेच झटके येतात असे रुग्ण, आणि ज्यांना दोन्ही प्रकारचे येतात असे रुग्ण, असा भेद केला. १९८० साली अमेरिकन वर्गीकरणाच्या तिसऱ्या आवृत्तीत ‘द्विध्रुवी’ हे नाव रूढ झाले. ह्या नावातील उपमा सुबक आहे खरी, पण ती पुरती निर्दोष नाही. एकच मनुष्य एकाच वेळी दोन्ही ध्रुवांवर उभा राहू शकत नाही. ह्या विकारात मात्र तसे घडते. मन खिन्न, आणि विचारांची गती व अंगातील अस्वस्थता मात्र उन्मादाची, अशा मिश्र अवस्था क्रेपेलिनच्या काळापासून ज्ञात आहेत आणि आत्मघाताच्या दृष्टीने त्या विशेष भयावह असतात. नावातील भूगोल विसरून रुग्णाकडे पाहणे हेच येथे श्रेयस्कर.

निदानाचे आजचे निकष थोडक्यात असे : उन्मादाची अवस्था किमान सात दिवस टिकलेली असावी, किंवा रुग्णालयात ठेवणे भाग पडावे इतकी ती तीव्र असावी, सौम्य उन्माद किमान चार दिवसांचा असावा, अवसाद किमान दोन आठवड्यांचा. पूर्ण उन्माद एकदाही होऊन गेला असेल तर तो पहिला प्रकार. सौम्य उन्माद आणि अवसाद एवढेच असतील तर दुसरा. भारतात २०१५-१६ साली झालेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत प्रौढांपैकी सुमारे ०.५ टक्के व्यक्तींना आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार झाल्याचे आढळले, आणि विकार असलेल्यांपैकी सुमारे ७० टक्के उपचाराबाहेर होते.

हे निकष कागदावर स्पष्ट दिसतात. अडचण येते ती प्रश्न विचारताना. ह्या विकाराचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा अवसादाच्या काळात. ‘कशात मन लागत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘उठावेसेच वाटत नाही’ अशा तक्रारींना मराठीत शब्दांची वाण नाही. उलट सौम्य उन्मादासाठी तक्रारीचा शब्दच नाही, कारण ती तक्रार वाटतच नाही. ‘तुम्हांला मध्यंतरी फार आनंद वाटत होता काय?’ असा इंग्रजी प्रश्नावलीचा शब्दशः अनुवाद करून विचारले, तर रुग्ण ‘नाही’ म्हणतो आणि ते खरेही असते. त्या काळात त्याला आनंदापेक्षा चिडचिडच अधिक झालेली असू शकते. त्याऐवजी, अशी एखादी वेळ आली होती काय की, तीन-चार तासांच्या झोपेवर दिवसचे दिवस गेले आणि थकवा जाणवला नाही, हाती एकदम चार कामे घेतली, पैसे नेहमीपेक्षा सैल हाताने खर्च झाले आणि घरच्यांनी ‘अलीकडे तू कुणाला बोलूच देत नाहीस’ असे म्हटले, असा प्रश्न केला असता उत्तर निराळे मिळण्याचा संभव पुष्कळ असतो. हा प्रश्न रुग्णाबरोबर त्याच्या पत्नीस किंवा भावासही विचारला पाहिजे.

हा भाषेचा बारकावा केवळ अभ्यासिकेतला नाही. सौम्य उन्मादाचा पूर्ववृत्तान्त निसटला म्हणजे निदान साध्या अवसादाचे होते, आणि रुग्णास केवळ अवसादनाशक औषध दिले जाते. ज्यास वृत्ति-स्थिरकाचे संरक्षण नाही अशा द्विध्रुवी रुग्णास अशा औषधाने उन्मादात लोटले जाण्याचा, किंवा झटक्यांची वारंवारता वाढण्याचा धोका असतो. चुकीचा प्रश्न आणि चुकीची गोळी ह्यांत अंतर फारसे नाही.

उन्मादाच्या निदानात रुग्णाचे बोलणे हे एक प्रमुख लक्षण मानले जाते. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या यंग ह्यांच्या उन्मादमापन-श्रेणीत अकरा बाबी असून त्यांतील सात बाबींस शून्य ते चार आणि चार बाबींस शून्य ते आठ गुण आहेत. ह्या दुप्पट वजनाच्या चार बाबींत ‘बोलण्याचा वेग व प्रमाण’ ही एक आहे. बोलण्याचा आवेग म्हणजे नुसती घाई नव्हे. मध्ये बोलू पाहणाऱ्यास वाव मिळत नाही, हे त्याचे खरे गमक. विचारांच्या उड्डाणात वाक्यावाक्यांतील दुवे पूर्ण तुटत नाहीत. ते अर्थाऐवजी नादावर किंवा समोर दिसलेल्या वस्तूवर लटकू लागतात. ‘पाणी द्या, वाणी कुठे गेला, वाणीच्या घरी राणी, राणीचे राज्य खालसा झाले, खालसा म्हणजे शीख...’ अशा धर्तीच्या बोलण्यात प्रत्येक उडीचा माग काढता येतो; विच्छिन्न विचारांच्या रुग्णाच्या बोलण्यात तो बहुधा लागत नाही. येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. मराठीत ‘पाणीबिणी’, ‘पुस्तकबिस्तक’ अशी प्रतिध्वनी-रचना रोजच्या बोलण्याचा भाग आहे, आणि यमक साधून बोलण्याची सवय असलेली माणसेही गावोगावी भेटतात. म्हणून वेग किंवा नादानुबंध हे कोणत्याही सर्वसाधारण मोजपट्टीशी ताडून पाहण्यापेक्षा त्या व्यक्तीच्या एरवीच्या बोलण्याशी ताडून पाहिले पाहिजेत. ती मोजपट्टी रुग्णालयात नसते. ती घरच्यांच्या कानात असते.

आता औषधांकडे वळावयाचे. ह्या विकारावरील औषधांत लिथियमचे स्थान आजही अग्रभागी आहे आणि त्याचा इतिहासही मोठा विलक्षण आहे. १८१७ साली आर्फवेडसन ह्या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञास पेटालाइट नावाच्या खनिजात हे मूलद्रव्य सापडले. दगडातून निघाले म्हणून ‘दगड’ ह्या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नाव पडले. एकोणिसाव्या शतकात मूत्राम्ल विरघळविण्याच्या आशेने ते संधिवातावर दिले जाई, आणि १८८६ साली डेन्मार्कमध्ये कार्ल लांगे ह्याने नियतकालिक अवसादावरही त्याचा उपयोग सांगितला होता. पण तो पुढे विसरला गेला.

दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेला जॉन केड हा ऑस्ट्रेलियन वैद्य मेलबर्नजवळील बुंडूरा येथील रुग्णालयात उन्मादी रुग्णांच्या मूत्रातील एखादे विषद्रव्य शोधीत होता. गिनीपिगांना टोचावयाचे मूत्राम्ल पाण्यात विरघळेना, म्हणून त्याने त्याचे लिथियम-लवण वापरले. प्राणी अनपेक्षितपणे मंद व शांत झाले. हे लिथियमच्या विषारी परिणामानेही झाले असणे शक्य आहे, असे आज मानले जाते. केडचा मूळ सिद्धान्त तर चुकीचाच होता. तथापि त्याने ते लवण प्रथम स्वतः घेऊन पाहिले आणि १९४८ च्या मार्च महिन्यात वर्षानुवर्षे उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या रुग्णास दिले. तो रुग्ण काही आठवड्यांत निवळला आणि पुढे घरी गेला. ३ सप्टेंबर १९४९ रोजी ऑस्ट्रेलियातील वैद्यक-पत्रिकेत दहा उन्मादी रुग्णांचा हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्याच पहिल्या रुग्णाचा १९५० साली लिथियमच्या विषबाधेने अंत झाला, हे मात्र हा इतिहास सांगताना पुष्कळदा गाळले जाते.

त्याच १९४९ साली अमेरिकेत लिथियम क्लोराइड हे हृदयरोग्यांसाठी मिठाऐवजी विकले जात होते व त्याने काही मृत्यू घडले. हे मृत्यू का घडले हे समजून घेतले म्हणजे लिथियमच्या व्यवस्थेचे निम्मे शास्त्र समजले. लिथियम यकृतात विघटित होत नाही; ते जसेच्या तसे मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंड त्याला जवळजवळ सोडियमसारखेच वागविते. शरीरात सोडियम कमी पडले म्हणजे मूत्रपिंड ते राखून ठेवू पाहते आणि त्याबरोबर लिथियमही राखले जाते. त्या हृदयरोग्यांचे मीठ बंद होते. म्हणजे जे लिथियम साठविण्यास सर्वांत प्रवृत्त, नेमके त्यांनाच ते मनमुराद शिंपडावयास दिले गेले होते.

डेन्मार्कमध्ये मोगेन्स स्काउ ह्याने १९५४ साली ३८ उन्मादी रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही रुग्णांस लिथियम द्यावे की निष्क्रिय गोळी, हे नाणे उडवून ठरविले होते. पुढे बास्ट्रुप व स्काउ ह्यांनी १९६७ साली ८८ स्त्रीरुग्णांच्या दीर्घ निरीक्षणावरून असे मांडले की, लिथियम आलेला झटका तर शमवितेच, शिवाय पुढचा झटका येऊ देत नाही. ह्यावर १९६८ साली लंडनच्या ब्लॅकवेल आणि शेफर्ड ह्यांनी कठोर टीका केली आणि हे प्रतिबंधक लिथियम म्हणजे आणखी एक वैद्यकीय भ्रमच तर नव्हे, असा प्रश्न केला. स्काउच्या स्वतःच्या बंधूस हा उपचार लागू पडला होता. तेव्हा त्याची दृष्टी निर्लेप नाही, असाही सूर निघाला. टीका बोचरी होती, परंतु पद्धतीविषयीचा तिचा आक्षेप रास्त होता हे मान्य केले पाहिजे. तिचे उत्तर १९७० साली आले. किमान एक वर्ष लिथियमवर स्थिर असलेल्या ८४ स्त्रियांपैकी ४५ जणींस लिथियम चालू ठेवले आणि ३९ जणींस त्यांच्या व वैद्यांच्या नकळत तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. पाच महिन्यांत निष्क्रिय गोळीवरील ३९ पैकी २१ जणींस विकार उलटला. लिथियमवरील एकीसही नाही. नीतीच्या दृष्टीने असा प्रयोग करावा की नाही, ह्याविषयी खुद्द प्रयोगकर्तेच साशंक होते. अमेरिकेत लिथियमला उन्मादासाठी १९७० साली आणि प्रतिबंधासाठी १९७४ साली मान्यता मिळाली. निसर्गात सापडणाऱ्या ह्या लवणाचे एकाधिकारपत्र घेणे शक्य नव्हते, त्यामुळे कोणत्याही उत्पादकास त्याचा डंका पिटण्यात स्वारस्य नव्हते, हेही ह्या विलंबाचे एक कारण होय.

प्रत्यक्ष चिकित्सेत तीन काळ वेगळे धरावे लागतात. तीव्र उन्मादात प्रथम अवसादनाशक चालू असल्यास ते थांबवितात, आणि ओलँझापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन किंवा हॅलोपेरिडॉल ह्यांपैकी एखादे औषध एकटे अथवा लिथियम वा व्हॅल्प्रोएटच्या जोडीने देतात. लिथियमचा परिणाम दिसण्यास आठवडा-दोन आठवडे लागत असल्याने ही जोड उपयोगी पडते. अवसादाच्या काळात क्वेटियापिन, ल्युरासिडोन, ओलँझापिन व फ्लुओक्सेटिन ह्यांची जोडी, आणि लॅमोट्रिजिन ह्यांचा विचार होतो. लॅमोट्रिजिन पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम आणि पुढील दोन आठवडे ५० मिलिग्रॅम अशा पायरीनेच वाढवावे लागते, व्हॅल्प्रोएट चालू असल्यास ह्याच्या निम्म्याने. घाई केल्यास त्वचेवर जीवघेणे पुरळ उठण्याचा धोका असतो. मध्येच पाच-सहा दिवस गोळ्या चुकल्या तर पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ करावा लागतो, ही गोष्ट रुग्णास क्वचितच स्पष्ट सांगितली जाते. तीव्र उन्माद, अन्न-पाणी सोडलेला अवसाद किंवा आत्मघाताचा निकट धोका असता विद्युत्-उपचार आजही प्रभावी आहे. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमान्वये तो भूल दिल्याशिवाय करता येत नाही.

तिसरा काळ प्रतिबंधाचा, आणि तोच सर्वांत लांब. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, ३३० रुग्णांवरील ‘बॅलन्स’ प्रयोगात एकट्या व्हॅल्प्रोएटपेक्षा लिथियम, एकटे किंवा व्हॅल्प्रोएटसह, विकार उलटू न देण्यात सरस ठरले. व्हॅल्प्रोएटसंबंधी आणखी एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे : गर्भारपणात ते घेतल्यास दर दहांपैकी सुमारे एका अर्भकात मोठे जन्मजात व्यंग, आणि तीस ते चाळीस टक्के मुलांत बौद्धिक व भाषिक विकासाची अडचण संभवते. अपत्य होण्याच्या वयातील स्त्रीस ते सहजासहजी देण्याची प्रथा समर्थनीय नाही. गर्भारपणात लिथियमनेही अर्भकाच्या हृदयास काही धोका असतो. तो मात्र पूर्वी समजला जात होता त्याहून लहान आणि मात्रेवर अवलंबून असल्याचे पुढील संशोधनात दिसून आले आहे.

आत्मघात टळण्याच्या बाबतीत लिथियमची कीर्ती मोठी आहे. २०१३ साली ४८ प्रयोगांच्या एकत्रित विश्लेषणात निष्क्रिय गोळीच्या मानाने लिथियमवर आत्मघात कमी आढळले. उलट २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन माजी सैनिकांवरील प्रयोगात नेहमीच्या उपचारास लिथियमची जोड दिल्याने आत्मघातविषयक घटनांत फरक दिसला नाही. त्या प्रयोगातील बहुतेक रुग्ण एकध्रुवी अवसादाचे होते आणि अनेकांनी औषध नियमित घेतले नव्हते, हे लक्षात घेता जुना निष्कर्ष रद्द झाला असे म्हणता येत नाही. पण तो प्रश्नातीतही राहिलेला नाही.

लिथियमची उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा ह्यांतील अंतर फारच थोडे. रक्तातील पातळी प्रतिबंधासाठी साधारणतः लिटरमागे ०.६ ते ०.८ मिलिमोल, तीव्र उन्मादात १.० पर्यंत ठेवतात; १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि वृद्धांत त्याच्या आतही. रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी, आणि मात्रा बदलल्यावर पाच ते सात दिवसांनी घ्यावे लागते. सकाळची गोळी घेऊन तपासणीस आलेल्या रुग्णाचा आकडा फसवा निघतो. त्याबरोबर मूत्रपिंड, अवटु-ग्रंथी आणि कॅल्शियम ह्यांची तपासणी सहा-सहा महिन्यांनी करावयाची असते. हातांस बारीक कंप, तहान, लघवीचे प्रमाण वाढणे व वजन वाढणे हे सामान्य उपद्रव. परंतु कंप जाडाभरडा होणे, ओकाऱ्या, जुलाब, तोल जाणे आणि बोलणे जड व अडखळते होणे ही विषबाधेची सूचना होय, आणि तेव्हा पुढची गोळी न देता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे. येथेही बोलण्यातील बदलच घरच्यांच्या ध्यानात प्रथम येण्याचा संभव असतो. फक्त आता वेग वाढण्याऐवजी उच्चार ढासळतो.

वर सांगितलेले सोडियमचे तत्त्व ध्यानात ठेवले म्हणजे पुढील गोष्टी पाठ कराव्या लागत नाहीत. वैशाख वणव्यात घामाने पाणी व मीठ जाणे, जुलाब, निर्जळी उपवास, रक्तदाबासाठी एकाएकी मीठ तोडणे, ह्या सर्वांनी लिथियमची पातळी चढते. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, थायाझाइड वर्गातील मूत्रल औषधे आणि रक्तदाबावरील ‘प्रिल’ने संपणाऱ्या नावांची औषधे हीही तेच करतात. गुडघेदुखीसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली गोळी ही लिथियमच्या रुग्णाच्या बाबतीत निरुपद्रवी वस्तू नव्हे.

एवढे सर्व साधूनही रुग्ण औषध सोडतो. त्याची कारणे नुसती अज्ञानाची असतात, असे समजणे अन्यायाचे होईल. के रेडफील्ड जेमिसन ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विदुषीस स्वतःलाच हा विकार होता. विषयातील तज्ज्ञ असूनही त्यांनी लिथियम वारंवार सोडले. १९९५ सालच्या आपल्या आत्मकथनात त्यांनी सांगितले आहे की, त्या काळच्या चढ्या मात्रेमुळे त्यांस कित्येक वर्षे ग्रंथ सलग वाचता येत नव्हता, आणि मात्रा उतरविल्यावर वाचन परत आले. वाचन-लेखन हाच ज्याचा व्यवसाय त्याच्या दृष्टीने हा उपद्रव कंपाहून किंवा तहानेहून मोठा. अशा रुग्णास ‘गोळी चालू ठेवा’ एवढेच सांगणे पुरेसे नाही, मात्रा कमी करता येते काय हे पाहिले पाहिजे. औषधाने प्रतिभा आटते, ही भीतीही सार्वत्रिक आहे. स्काउने १९७९ साली लिथियम घेणाऱ्या २४ कलावंतांना विचारले असता बारा जणांनी निर्मिती वाढल्याचे, सहा जणांनी फरक न पडल्याचे आणि सहा जणांनी ती घटल्याचे सांगितले. आकडा लहान आहे. पण चोविसांतील त्या सहांना खोटे ठरविण्याचे कारण नाही.

तिसरे कारण अधिक साधे : बरे वाटते, म्हणून औषध सुटते. लिथियम एकाएकी तोडल्यास उन्माद उलटून येण्याचा धोका विशेष असतो. थांबवावयाचेच असेल तर किमान चार आठवडे, आणि शक्यतो तीन महिने घेऊन ते हळूहळू उतरवावे लागते. बार्सेलोनात कोलोम आणि व्हिएटा ह्यांनी २००३ साली १२० रुग्णांवर केलेल्या प्रयोगात, औषधांबरोबर एकवीस बैठकांचे गटशिक्षण मिळालेल्यांत विकार उलटण्याचे प्रमाण कमी राहिले. ह्या बैठकांत गूढ असे काही नव्हते : विकाराची ओळख, औषध का घ्यावयाचे, झोपेच्या व दिनक्रमाच्या वेळा आणि झटक्याची पूर्वचिन्हे. पूर्वचिन्हे मात्र प्रत्येकाची निराळी असतात, आणि ती विकार शांत असतानाच त्याच्याच शब्दांत लिहून ठेवावी लागतात. कुणी रात्री दोन वाजता जुन्या मित्रांना पत्रे लिहू लागतो, तर कुणी एरवी तोंडात नसलेल्या हिंदीत किंवा इंग्रजीत बोलू लागतो.

२०१८ च्या मे महिन्यात अंमलात आलेल्या वरील अधिनियमाने ह्या लेखनास कायद्याचे बळ दिले आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार प्रौढ व्यक्तीस, पुढे निर्णयक्षमता गेल्यास आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते करू नयेत आणि आपला प्रतिनिधी कोण असावा, हे अग्रिम निर्देशाने लिहून ठेवता येते. ज्या विकारात मनुष्य वर्षाचे बरेच महिने संपूर्णपणे स्वतःचा असतो, त्यात ह्या तरतुदीचा उपयोग सर्वांत अधिक. निर्देशात औषधांच्या नावांबरोबर मागील वेळी कोणत्या मात्रेवर लिथियमची पातळी किती होती, कोणत्या औषधाने पुरळ उठले, आणि पैशांचे व्यवहार त्या काळात कुणाच्या हाती असावेत, एवढे नमूद असले म्हणजे रात्री अपरात्री रुग्णास घेऊन आलेल्या नातलगास, आणि त्यास प्रथमच पाहणाऱ्या वैद्यास, कोठून आरंभ करावयाचा ते कळते.